हॉट फ्लॅश (रजोनिवृत्ती)

रजोनिवृत्तीच्या आसपासच्या काळात स्त्रीच्या छातीत, मानेत व चेहऱ्यावर अचानक उष्णता पसरून घाम सुटतो, त्या लक्षणाला हॉट फ्लॅश किंवा हॉट फ्लश असे म्हणतात. बोली मराठीत यास 'अंगातून गरम वाफा येणे' असे म्हटले जाते. हेच लक्षण रात्री झोपेत उद्भवल्यास त्यास रात्रीचा घाम म्हणतात. वैद्यकीय परिभाषेत या दोहोंचा समावेश 'व्हॅसोमोटर लक्षणे', म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आकुंचन-प्रसरणाशी निगडित लक्षणे, या नावाखाली होतो.

हे लक्षण अत्यंत सामान्य असूनही त्याचे मेंदूतील कारण विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उलगडले नव्हते. त्यावरील उपचारांबाबत वैद्यकाचे मत गेल्या साठ वर्षांत अनेकदा बदलले. संप्रेरक उपचार प्रथम सर्रास दिले गेले, २००२ नंतर ते मोठ्या प्रमाणावर टाळले गेले आणि पुढे वय व प्रकृती पाहून त्यांचा विचार होऊ लागला. २०२३ पासून संप्रेरकरहित औषधांचा एक नवा वर्ग उपलब्ध झाला आहे.

संज्ञा

सलग बारा महिने मासिक पाळी न आल्यास शेवटच्या पाळीचा दिवस हा रजोनिवृत्तीचा दिवस मानतात. त्यामुळे रजोनिवृत्तीचे निदान नेहमी मागाहून होते. पाळी अनियमित होऊ लागल्यापासून तो दिवस उलटून एक वर्ष होईपर्यंतच्या काळास रजोनिवृत्तिपूर्व संक्रमणकाळ किंवा पेरिमेनोपॉज म्हणतात. हॉट फ्लॅशेस बहुधा याच काळात सुरू होतात. पाळी चालू असतानाच त्या येऊ लागल्याने अनेक स्त्रियांना त्यांचे कारण लक्षात येत नाही.

सुश्रुतसंहितेत रजःप्रवृत्ती बाराव्या वर्षापासून होते व पन्नाशीत ती संपते असे नमूद आहे. 'मेनोपॉज' हा आधुनिक शब्द फ्रेंच वैद्य शार्ल द गार्दान यांनी रूढ केला. १८१६ मध्ये त्यांनी त्याचे आधीचे रूप वापरले व १८२१ मध्ये 'मेनोपॉज' हे रूप स्वीकारले. इंग्लंडमधील वैद्य एडवर्ड टिल्ट यांनी १८५७ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

लक्षणाचे स्वरूप

एक हॉट फ्लॅश साधारणतः एक ते पाच मिनिटे टिकते. त्वचेखालील रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा व मान लाल होते, नाडी किंचित जलद होते आणि घाम सुटतो. घाम वाळताना शरीराचे तापमान उतरते, म्हणून शेवटी अनेकींना हुडहुडी भरते. काहींना दिवसातून एखाददुसरी फ्लॅश येते, तर काहींना दर तासाला. रात्री वारंवार जाग आल्याने झोप मोडते. त्यातून थकवा, चिडचिड व एकाग्रतेचा अभाव निर्माण होतो. पाश्चात्त्य देशांतील सुमारे तीन चतुर्थांश स्त्रियांना हा अनुभव येतो, तथापि सर्वांनाच उपचारांची गरज भासत नाही.

क्षयरोग, थायरॉईड ग्रंथीची अतिक्रियाशीलता, रक्तातील साखर कमी होणे तसेच काही औषधे यांमुळेही घाम सुटू शकतो. त्यामुळे रात्रीच्या घामासोबत ताप, खोकला किंवा वजनातील घट असल्यास तो केवळ वयाचा परिणाम मानला जात नाही. अशा वेळी तपासणी आवश्यक ठरते.

संप्रेरक उपचारांचा आरंभ

रजोनिवृत्तीच्या वेळी अंडाशयांतून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण घटते. एडगर ॲलन व एडवर्ड डॉइसी यांनी १९२३ मध्ये अंडाशयातील या द्रव्याचा परिणाम प्रयोगाने दाखवला. १९४२ मध्ये गाभण घोडीच्या मूत्रापासून बनवलेले 'प्रीमरिन' हे इस्ट्रोजेनचे औषध अमेरिकेत मान्य झाले. त्याने हॉट फ्लॅशेस कमी होतात हे लवकरच दिसून आले.

१९६६ मध्ये अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांचे 'फेमिनिन फॉरएव्हर' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. रजोनिवृत्ती हा कमतरतेचा रोग असून इस्ट्रोजेनने स्त्रीचे तारुण्य टिकवता येते, असा त्याचा सूर होता. त्यानंतर या औषधाचा खप वाढला. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी मात्र केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे दाखवले. तेव्हापासून गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रियांना इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टिन हे दुसरे संप्रेरक देण्याची पद्धत पडली, कारण प्रोजेस्टिनमुळे अस्तराची अवाजवी वाढ रोखली जाते.

विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह

१९८० च्या दशकातील निरीक्षणात्मक अभ्यासांत संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो असे दिसत होते. तथापि औषध घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक सुस्थितीतील व आरोग्याबाबत दक्ष असण्याचा संभव होता. खरे कारण शोधण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून केलेली यादृच्छिक चाचणी आवश्यक होती. त्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी १९९१ मध्ये 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' हा प्रकल्प हाती घेतला. त्यातील संप्रेरकांच्या दोन चाचण्यांत मिळून २७,३४७ स्त्रिया सहभागी झाल्या.

पहिल्या चाचणीत गर्भाशय असलेल्या १६,६०८ स्त्रिया होत्या. एका गटास इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन यांची गोळी, तर दुसऱ्यास औषधी द्रव्य नसलेली तशीच दिसणारी गोळी, म्हणजे प्लासिबो, देण्यात आली. ही चाचणी सुमारे साडेआठ वर्षे चालणार होती, परंतु सरासरी ५.२ वर्षांनंतर जुलै २००२ मध्ये ती थांबवण्यात आली. धोके लाभांपेक्षा अधिक असल्याचे कारण देण्यात आले. दर वर्षी १०,००० स्त्रियांमागे आढळलेले प्रमाण पुढीलप्रमाणे होते :

स्तनांचा कर्करोग : औषध गटात ३८, प्लासिबो गटात ३०
हृदयविकार : औषध गटात ३७, प्लासिबो गटात ३०
पक्षाघात : औषध गटात २९, प्लासिबो गटात २१
फुप्फुसात रक्ताची गुठळी : औषध गटात १६, प्लासिबो गटात ८
मोठ्या आतड्याचा कर्करोग : औषध गटात १०, प्लासिबो गटात १६
खुब्याचा अस्थिभंग : औषध गटात १०, प्लासिबो गटात १५

गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांच्या दुसऱ्या चाचणीत केवळ इस्ट्रोजेन देण्यात आले. पक्षाघाताचा धोका वाढल्याने तीही २००४ मध्ये थांबवण्यात आली. या गटात स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण मात्र वाढले नाही, उलट २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन पाठपुराव्यात ते प्लासिबो गटाहून कमी आढळले.

निष्कर्षांचा अर्थ व वाद

२००२ मधील निष्कर्ष वृत्तपत्रांतून प्रामुख्याने टक्केवारीत पोहोचले. स्तनांच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो, हे विधान सापेक्ष जोखमीचे आहे. तोच निष्कर्ष निरपेक्ष जोखमीत सांगितल्यास वर्षाला १०,००० स्त्रियांमागे ८ अधिक रुग्ण असा होतो. दोन्ही विधाने बरोबर आहेत, परंतु वाचणाऱ्याच्या मनावर त्यांचा परिणाम वेगवेगळा होतो. बातम्यांनंतर जगभरात संप्रेरक उपचारांचा वापर झपाट्याने घटला. तीव्र लक्षणे असलेल्या अनेक स्त्रियांनीही औषध सोडले किंवा त्यांना ते नाकारण्यात आले.

दुसरा मुद्दा सहभागी स्त्रियांच्या वयाचा होता. त्या ५० ते ७९ वर्षांच्या होत्या व त्यांचे सरासरी वय ६३ होते. ही चाचणी हॉट फ्लॅशेसवरील उपचार तपासण्यासाठी नव्हती. उतारवयातील जुनाट आजार संप्रेरकांनी टळतात का, हा तिचा प्रश्न होता. पन्नाशीत हॉट फ्लॅशेसनी त्रस्त होऊन वैद्याकडे येणाऱ्या स्त्रीस तिचे सरासरी निष्कर्ष जसेच्या तसे लागू करणे त्यामुळे अवघड ठरते.

२००७ मध्ये याच माहितीचे वयानुसार विश्लेषण झाले. रजोनिवृत्तीनंतर १० वर्षांच्या आत औषध सुरू करणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका वाढलेला आढळला नाही, तर २० वा अधिक वर्षांनी सुरू करणाऱ्यांत तो वाढलेला आढळला. पक्षाघाताच्या धोक्यात मात्र वयानुसार असा फरक दिसला नाही. २०१६ मधील 'एलाइट' या ६४३ स्त्रियांच्या चाचणीतही, रजोनिवृत्तीनंतर सहा वर्षांच्या आत इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत मानेतील रोहिणीची भित्तिका जाड होण्याचा वेग कमी आढळला. दहा वर्षांनंतर सुरू करणाऱ्यांत हा लाभ दिसला नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १८ वर्षांच्या पाठपुराव्यात संप्रेरके घेतलेल्या व न घेतलेल्या स्त्रियांच्या एकूण मृत्युदरात फरक आढळला नाही.

उत्तर अमेरिकेतील रजोनिवृत्ती संस्थेच्या २०२२ च्या निवेदनानुसार, वय ६० च्या आत किंवा रजोनिवृत्तीनंतर १० वर्षांच्या आत असलेल्या व अन्य प्रतिबंधक कारण नसलेल्या स्त्रियांत, त्रासदायक लक्षणांसाठी संप्रेरक उपचारांचे लाभ धोक्यांहून अधिक असतात. स्तनांचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, हृदयविकार, यकृताचा गंभीर आजार किंवा कारण न उमगलेला योनिमार्गातील रक्तस्राव असल्यास हे उपचार सामान्यतः टाळले जातात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरील ठळक चौकटीतील इशारा बहुतांशी काढून टाकण्याची घोषणा केली. या निर्णयावरही तज्ज्ञांत मतभेद आहेत.

लक्षणांचा कालावधी

हॉट फ्लॅशेस वर्ष-दोन वर्षांत आपोआप थांबतात, असा समज वैद्यकातही रूढ होता. अमेरिकेतील 'स्वॅन' या दीर्घकालीन अभ्यासाने तो बदलला. सात केंद्रांत चाललेल्या या अभ्यासात वेगवेगळ्या वंशांच्या ३,३०२ स्त्रियांची १९९६ पासून वर्षानुवर्षे नोंद ठेवण्यात आली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वारंवार येणाऱ्या हॉट फ्लॅशेसचा मध्यक कालावधी ७.४ वर्षे होता, त्यांपैकी ४.५ वर्षे शेवटच्या पाळीनंतरची होती. पाळी नियमित असतानाच किंवा नुकतीच अनियमित होऊ लागली असताना ज्यांना त्रास सुरू झाला, त्यांच्यात हा काळ ११.८ वर्षांहून अधिक होता. आफ्रिकी-अमेरिकी स्त्रियांत तो १०.१ वर्षे, तर जपानी वंशाच्या स्त्रियांत ४.८ वर्षे आढळला. या अभ्यासात भारतीय वंशाच्या स्त्रियांचा स्वतंत्र गट नव्हता.

कारणमीमांसा

इस्ट्रोजेन घटल्याने हॉट फ्लॅशेस येतात हे खरे असले, तरी एवढ्याने पूर्ण उलगडा होत नाही, कारण इस्ट्रोजेनचे प्रमाण जवळपास सारखे असूनही काही स्त्रियांना त्रास होतो व काहींना होत नाही. १९७५ मध्ये जॉर्ज मोलनार यांनी हॉट फ्लॅशच्या वेळी शरीराच्या तापमानात होणारे बदल उपकरणांनी नोंदवले. हे लक्षण मनाचे खेळ नसून मोजता येणारी शारीरिक घटना आहे, हे अशा मोजमापांमुळे स्पष्ट झाले.

मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग शरीराचे तापमान राखतो. तापमान एका ठरावीक पट्ट्यात राहिले तर घामही सुटत नाही व थंडीही वाजत नाही. डेट्रॉइट येथील संशोधक रॉबर्ट फ्रीडमन यांनी १९९० च्या दशकात दाखवले की, लक्षणे नसलेल्या स्त्रियांत हा पट्टा सुमारे ०.४ अंश सेल्सिअस रुंद असतो, तर हॉट फ्लॅशेस येणाऱ्यांत तो जवळपास नाहीसा होतो. त्यामुळे तापमानात अगदी किंचित वाढ झाली तरी शरीर उष्णता बाहेर टाकण्याची सारी यंत्रणा एकदम सुरू करते.

हा पट्टा अरुंद का होतो, याचा माग नेओमी रान्स या अमेरिकी संशोधिकेच्या कामातून लागला. १९९० च्या सुमारास मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत त्यांना असे आढळले की, रजोनिवृत्तीनंतर हायपोथॅलॅमसमधील विशिष्ट चेतापेशी आकाराने मोठ्या होतात. या पेशींत न्यूरोकायनिन बी हे द्रव्य असते. किसपेप्टिन, न्यूरोकायनिन बी व डायनॉर्फिन या तीन द्रव्यांच्या नावांवरून त्यांना पुढे 'कँडी' पेशी म्हटले जाऊ लागले. इस्ट्रोजेन या पेशींना आवर घालते. ते घटले की पेशी अतिक्रियाशील होतात व तापमान-नियंत्रण केंद्रास चुकीचे संदेश पाठवतात.

या विचारास पुढे वेगवेगळ्या दिशांनी पुष्टी मिळाली. २०१५ मध्ये लंडनमधील संशोधकांनी निरोगी स्त्रियांच्या शिरेतून न्यूरोकायनिन बी दिले असता त्यांना हॉट फ्लॅशसारखी लक्षणे जाणवली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात, न्यूरोकायनिन बी ज्या ग्राहीवर कार्य करते त्याच्या जनुकातील फरकांचा हॉट फ्लॅशेसशी संबंध आढळला.

संप्रेरकरहित उपचार

न्यूरोकायनिन-३ हा ग्राही अडवणाऱ्या औषधांपैकी फेझोलिनेटंट यास अमेरिकेत १२ मे २०२३ रोजी मान्यता मिळाली. यकृतास गंभीर इजा झाल्याचे आढळल्याने डिसेंबर २०२४ मध्ये त्यावर चौकटीतील इशारा घालण्यात आला. हे औषध सुरू करण्यापूर्वी व त्यानंतर ठरावीक अंतराने यकृताची रक्ततपासणी करावी लागते. न्यूरोकायनिन-१ व ३ हे दोन्ही ग्राही अडवणाऱ्या एलिन्झानेटंट या औषधास २०२५ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. ज्यांना इस्ट्रोजेन देता येत नाही, विशेषतः स्तनांच्या कर्करोगावर संप्रेरकरोधक उपचार घेताना ज्यांना तीव्र हॉट फ्लॅशेस येतात, त्यांच्या दृष्टीने हे संशोधन महत्त्वाचे आहे. अशा रुग्णांवर एलिन्झानेटंटची स्वतंत्र चाचणीही झाली आहे.

याआधीपासून पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेन्टिन यांसारखी मुळात अन्य आजारांसाठीची औषधे वापरली जातात. पॅरॉक्सेटिनमुळे टॅमॉक्सिफेन या कर्करोगावरील औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून ती दोन्ही एकत्र देणे टाळतात. विचार व वर्तन यांवर आधारित मानसोपचाराने, म्हणजे सीबीटीने, फ्लॅशेसमुळे होणारा जाच कमी होतो असे लंडनमधील चाचण्यांत दिसले.

प्लासिबोचे महत्त्व

हॉट फ्लॅशेसवरील कोणत्याही उपचाराचे मूल्यमापन तुलनागटाशिवाय करता येत नाही. २००४ मधील कॉक्रेन आढाव्यात संप्रेरकांमुळे फ्लॅशेसची वारंवारता प्लासिबोच्या तुलनेत सुमारे ७५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. परंतु त्याच चाचण्यांत केवळ प्लासिबो घेणाऱ्यांतही आरंभीच्या तुलनेत सुमारे ५८ टक्के घट झाली होती. काळाच्या ओघात लक्षणे आपोआप सौम्य होणे व उपचारांबद्दलची अपेक्षा, अशी दोन्ही कारणे यामागे संभवतात. एखाद्या काढ्याने किंवा गोळीने गुण आला, एवढ्या अनुभवावरून त्याची उपयुक्तता सिद्ध होत नाही ती यामुळेच.

ब्लॅक कोहोश या वनस्पतीची २००६ मध्ये ३५१ स्त्रियांवर एक वर्ष चाचणी झाली, त्यात प्लासिबोहून अधिक लाभ दिसला नाही. सोयाबीनमधील आयसोफ्लेव्होनांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. उत्तर अमेरिकी संस्थेने २०२३ मध्ये केवळ हॉट फ्लॅशेस कमी करण्यासाठी योगासने, व्यायाम व पूरक गोळ्या यांची शिफारस केली नाही. व्यायामाचे हाडे, स्नायू, हृदय व झोप यांसाठी होणारे लाभ स्वतंत्र असून ते या निष्कर्षाने बाधित होत नाहीत.

भारत व महाराष्ट्र

भारतीय स्त्रियांत रजोनिवृत्ती सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षी येते, तर पाश्चात्त्य देशांत ती सुमारे ५१ व्या वर्षी येते. त्यामुळे भारतीय स्त्रियांना इस्ट्रोजेनच्या अभावात अधिक वर्षे काढावी लागतात. अनेक भारतीय पाहण्यांत सांधेदुखी, अंगदुखी व थकवा या तक्रारी हॉट फ्लॅशेसपेक्षाही अधिक नोंदवल्या गेल्या आहेत. हा फरक शरीराचा, आहाराचा, हवामानाचा की तक्रार सांगण्याच्या पद्धतीचा, हे अद्याप निश्चित झालेले नाही.

गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचा या विषयाशी निकटचा संबंध आहे. शस्त्रक्रियेत दोन्ही अंडाशयही काढल्यास इस्ट्रोजेन एका दिवसात तुटते आणि हॉट फ्लॅशेस अचानक व तीव्र स्वरूपात सुरू होतात. केवळ गर्भाशय काढल्यास पाळी थांबते, परंतु अंडाशयांचे कार्य चालू राहते. मात्र अशा स्त्रियांतही रजोनिवृत्ती काहीशी लवकर येण्याचा संभव असतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ३.२ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांबाबत राज्य शासनाने २०१९ मध्ये समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची, म्हणजे सुमारे १७ टक्के स्त्रियांची, ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. कमी वयात अंडाशय गमावलेल्या स्त्रियांना, प्रतिबंधक कारण नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरक उपचार देण्याची शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे. त्यामागे हॉट फ्लॅशेसइतकाच हाडांच्या व हृदयाच्या रक्षणाचा हेतू असतो. शस्त्रक्रियेत नेमके कोणते अवयव काढले याची लेखी नोंद स्त्रीजवळ असणे म्हणूनच पुढील उपचारांसाठी आवश्यक ठरते.

संशोधनातील उणिवा

हॉट फ्लॅशेसवरील मोठ्या चाचण्या प्रामुख्याने अमेरिका व युरोपात झाल्या आहेत. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हमध्ये घोडीच्या मूत्रापासूनचे इस्ट्रोजेन व एक विशिष्ट प्रोजेस्टिन तपासले गेले. हल्ली वापरात असलेल्या त्वचेवरील पट्ट्या, जेल व नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन यांची तेवढ्या मोठ्या प्रमाणावरील चाचणी झालेली नाही. पट्ट्यांमुळे रक्ताच्या गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी असतो, हा निष्कर्ष मुख्यतः निरीक्षणात्मक अभ्यासांवर आधारलेला आहे. नव्या संप्रेरकरहित औषधांच्या दीर्घकालीन सुरक्षिततेची माहिती अद्याप जमा होत आहे. तसेच उन्हात किंवा भट्टीजवळ श्रमाचे काम करणाऱ्या स्त्रियांत हे लक्षण कसे प्रकट होते, यावर फार थोडे संशोधन झाले आहे.

हेही पाहा

रजोनिवृत्ती
मासिक पाळी
इस्ट्रोजेन
अस्थिसुषिरता
हायपोथॅलॅमस